हिमकन्या केनाई

उत्तर अमेरिका खंडाच्या अगदी वायव्य कोपऱ्यात अलास्का हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वांत विस्तीर्ण राज्य पसरले आहे. क्षेत्रफळाने ते भारताच्या निम्म्याहून थोडे मोठे. परंतु तेथे राहणारी माणसे सुमारे सव्वासात लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराइतकीच. या राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात शिरलेले एक डोंगराळ द्वीपकल्प आहे. केनाई हे त्याचे नाव, आणि त्याच्यामधून पश्चिमेकडे वाहणाऱ्या नदीचे नावही तेच. लांबीच्या दृष्टीने पाहिले तर ही नदी फारच लहान. सरोवरातून बाहेर पडल्यापासून समुद्राला मिळेपर्यंत तिचा प्रवास अवघा १३२ किलोमीटरांचा आहे. आपली गोदावरी तिच्या अकरापट लांब आहे. असे असूनही दर उन्हाळ्यात दूरदूरच्या देशांतील माणसे गळ आणि वल्ही घेऊन हिच्या तीरावर येतात. एवढ्याशा नदीत असे काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम डोंगरमाथ्यावर जावे लागते. केनाई द्वीपकल्पाच्या पूर्वेकडील पर्वतांवर हार्डिंग नावाचे एक प्रचंड हिमक्षेत्र आहे. त्यातून खाली उतरणाऱ्या हिमनद्या जमेस धरल्या, तर त्याचा विस्तार सुमारे अठराशे चौरस किलोमीटर भरतो. बर्फाचा थर इतका जाड आहे की मोठमोठी शिखरे त्यात गाडली गेली असून केवळ त्यांची टोके बेटांसारखी वर डोकावतात. हे हिमक्षेत्र आणि आसपासचे इतर हिमाच्छादित पर्वत यांच्याकडून केनाईला पाणी मिळते.

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या पावसावर जगतात. मृग नक्षत्र लागले की त्या फुगू लागतात आणि वैशाखात त्यांच्या पात्रात गोटे उघडे पडतात. केनाईचा स्वभाव निराळा आहे. तिला पूर येतो तो मुख्यतः उन्हाने. वसंतात डोंगरावरचे हिम वितळू लागले की ती भरू लागते आणि जुलै-ऑगस्टमध्ये, हिमनद्यांचे जुने बर्फ वितळत असताना, ती दुथडी भरून वाहते. हिवाळ्यात सारे गोठले म्हणजे ती क्षीण होते. तिच्या या शिस्तशीर वागण्यात अधूनमधून एक विलक्षण खंड पडतो. डोंगरात एका हिमनदीने एका दरीचे तोंड अडवले असून त्या बर्फाच्या बांधामागे एक तलाव साचत राहतो. दोन-तीन वर्षांत पाणी इतके चढते की ते बर्फालाच खालून उचलू लागते, बर्फाच्या पोटात भुयार पडते आणि सारा तलाव काही दिवसांत रिकामा होतो. हे पाणी स्नो नदीवाटे केनाई सरोवरात उतरते व तेथून नदीत. आकाशात ढगही नसताना नदी चढू लागते! पाणी ओसरल्यावर भुयार मिटते आणि बर्फाचा बांध पुन्हा पाणी अडवू लागतो.

नदीचे पाणी पाहणाऱ्याला पहिला अचंबा वाटतो तो तिच्या रंगाचा. ते निळेही नाही व हिरवेही नाही. पिरोजा नावाच्या रत्नासारखी त्याची छटा असते. हा रंग पाण्याचा नसून दगडाचा आहे. हिमनदी डोंगरावरून सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले धोंडे खालच्या खडकावर घासले जातात आणि जात्यातून पीठ पडावे तसे खडकाचे अतिसूक्ष्म पीठ तयार होते. हे कण इतके बारीक असतात की ते दीर्घकाळ पाण्यात तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाशातील निळा-हिरवा भाग विखरून टाकतात. कोरड्या वर्णनात हे पीठ क्षुल्लक वाटेल. परंतु नदीतील माशांचे भवितव्य काही अंशी त्यावर अवलंबून आहे. पाण्यात पीठ फार झाले तर सरोवरात ऊन खोलवर शिरत नाही. ऊन नाही म्हणजे सूक्ष्म वनस्पती नाहीत, त्या नाहीत म्हणजे त्यांवर जगणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलजीव नाहीत, आणि हे जीव तर माशांच्या पिल्लांचे अन्न.

केनाई सरोवर सुमारे ३५ किलोमीटर लांब व नागमोडी आहे. त्याच्या पश्चिम टोकाशी कूपर लँडिंग नावाची छोटी वस्ती आहे. तेथे नदीचा जन्म होतो. पुढे ती डोंगरांतून उड्या मारीत स्किलॅक नावाच्या दुसऱ्या मोठ्या सरोवरात शिरते. या सरोवराला त्याच नावाची हिमनदी थेट येऊन पाणी घालते. दोन्ही सरोवरे म्हणजे जणू नदीची गाळणी होत. जड गाळ त्यांच्या तळाशी बसतो व पुढे जाणारे पाणी त्यामानाने स्वच्छ होते. स्किलॅकनंतर मैदानी प्रदेश लागतो, सोल्डॉटना हे गाव लागते, आणि शेवटी केनाई शहराजवळ नदी कुक आखाताला मिळते. कप्तान जेम्स कुक याने १७७८ साली या आखाताचा शोध घेतला होता. त्याच्यावरूनच आखाताला हे नाव पडले.

सरोवरापासून स्किलॅकपर्यंतचा नदीचा वरचा भाग वल्हवणाऱ्यांना विशेष प्रिय आहे. तेथे बहुतेक अंतरात यंत्राच्या नौकांना मज्जाव असल्यामुळे फक्त पाण्याचा खळखळाट आणि वल्ह्यांचा आवाज कानी पडतो. कोणी हवा भरलेल्या रबरी होड्यांतून जातात, तर कोणी एकट्याने बसण्याच्या निमुळत्या कयाकमधून. ओढ जोराची असल्यामुळे होडी पुढे ढकलण्यासाठी वल्ही फारशी मारावी लागतच नाहीत. खरे कौशल्य ती वळवण्यात आणि आवरण्यात असते. जाणता नावाडी पाणी वाचतो. पुढे दोन धोंड्यांमधून पाण्याची गुळगुळीत जीभ खाली गेलेली दिसली, तर ती खोल व निर्धोक वाट असे तो ओळखतो. पाण्याचा फुगवटा दिसून त्याच्या मागे फेस उसळत असेल, तर तेथे बुडलेला खडक आहे. वळणावर काठ खचून नदीत आडवी पडलेली झाडे मात्र खडकांपेक्षाही घातक. त्यांच्या फांद्यांतून पाणी पलीकडे जाते, पण होडी आणि माणूस अडकून पडतात. पाणी बर्फाचेच असल्याने भर उन्हाळ्यातही त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच मिनिटांत बधिर होतात. म्हणून पोहण्यात पटाईत असलेला मनुष्यही तरंगते जाकीट घातल्यावाचून होडीत पाय ठेवीत नाही.

स्किलॅकच्या अलीकडे नदी एका अरुंद घळीत शिरते. सुमारे तीन किलोमीटरांच्या या घळीत दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती असून मध्ये लाटा उसळतात. नवख्याला वाटते की ही घळ पार केली म्हणजे संकट संपले. वस्तुतः खरे संकट पुढच्या विस्तीर्ण, शांत दिसणाऱ्या सरोवरात असते. हिमनदीकडून सुटणारा वारा तेथे पाहता पाहता मोठ्या लाटा उठवतो. म्हणून माहीतगार लोक सरोवरात शिरल्यावर काठ सोडीत नाहीत.

याच वरच्या भागात रशियन नावाची एक स्वच्छ पाण्याची उपनदी केनाईला मिळते. दोन्ही प्रवाह काही अंतर शेजारीशेजारी वाहतात, एक नितळ आणि एक पिरोजी. संगमापाशी माणसांना पैलतीरी नेणारी तर आहे. तिला यंत्र नाही की वल्ही नाहीत. ती आडव्या बांधलेल्या पोलादी दोरांना जोडलेली असते. तिचे तोंड प्रवाहाशी तिरपे केले की पाण्याचा जोरच तिला पलीकडे लोटतो, आणि तोंड उलट तिरपे केले की तीच नदी तिला परत आणून सोडते.

या तरीतून जुलैत माणसांची रीघ लागते, ती सामन माशासाठी. केनाईत येणाऱ्या सामनच्या मुख्य जाती चार. चिनूक हा सर्वांत मोठा. त्याला तेथील लोक ‘राजा’ म्हणतात. सॉकाय म्हणजे ‘लाल’, कोहो म्हणजे ‘रुपेरी’, आणि चौथा ‘गुलाबी’. हा चौथा मासा मोठा हिशेबी आहे. केनाईत तो मोठ्या संख्येने येतो तो सम आकड्याच्या वर्षी. विषम वर्षी क्वचितच दिसतो. त्याचे आयुष्य बरोबर दोन वर्षांचे असल्यामुळे सम वर्षी जन्मलेल्यांची संतती पुन्हा सम वर्षीच परतते.

सामनचे जीवनचरित्र अद्भुत आहे. मादी नदीच्या तळाशी शेपटीने खडी उकरून खळगा करते. लाल सामनची मादी अशा खळग्यांत तीनएक हजार अंडी घालते, नर त्यांचे फलन करतो आणि मादी ती पुन्हा खडीने झाकते. अंडी हिवाळाभर खडीच्या फटींतून वाहणाऱ्या थंड पाण्यात राहतात. वसंतात पिल्ले बाहेर पडतात. लाल सामनची पिल्ले एखाददुसरे वर्ष सरोवरात काढतात. राजा सामनची पिल्ले नदीतच वाढतात. मग एके दिवशी त्यांच्या अंगावर चांदीसारखी झळाळी येते, खारे पाणी सोसण्याची शक्ती येते, आणि ती समुद्राकडे निघतात. तेथे जातीप्रमाणे एक ते पाच वर्षे ती हजारो किलोमीटर भटकतात, खाऊन पुष्ट होतात आणि प्रौढ होऊन परततात. परततात ती कोणत्याही नदीत नव्हे, तर जेथे जन्मली बहुधा त्याच नदीत. जन्मस्थळाच्या पाण्याचा वास त्यांनी बालपणी टिपलेला असतो. नदीच्या मुखाशी आल्यावर त्या वासाच्या खुणेने ती वाट काढीत जातात.

गोड्या पाण्यात शिरताच सामन अन्न सोडतो. अंगातील चरबी जाळीत तो प्रवाहाविरुद्ध चढत राहतो. रुपेरी लाल सामनचे अंग तांबडेलाल व डोके हिरवे होते. नराचा जबडा आकड्यासारखा वळतो. अंडी घालून झाली की थोड्याच दिवसांत तो मरतो. समुद्रातून नदीत येऊन अंडी घालणारा हिलसा मासा भारतातही आहे. परंतु तो अंडी घालून समुद्रात परत जाऊ शकतो. केनाईतील हे सामन परत जात नाहीत. मात्र त्यांचे मरण वाया जात नाही. तपकिरी अस्वले, पांढऱ्या डोक्याचे गरुड आणि समुद्रपक्षी यांची ती मेजवानी असते. अस्वले मासे ओढून रानात नेतात आणि अर्धवट खाऊन टाकतात. त्यातून नत्र जमिनीत मुरते आणि काठच्या झाडांना पोसते. समुद्रात मिळवलेली पुष्टी सामन आपल्या देहातून डोंगरापर्यंत वाहून आणतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

माणसालाही या नदीने शेकडो वर्षे पोसले. देनाइना हे येथील मूळ रहिवासी. नदीला ते काह्त्नू म्हणतात. उन्हाळ्यात सामन धरावा, धुरावर वाळवावा, जमिनीत खणलेल्या पेवांत साठवावा आणि दीर्घ हिवाळा त्यावर काढावा, हा त्यांचा क्रम होता. १७९१ साली कातड्यांच्या व्यापारासाठी आलेल्या रशियनांनी नदीच्या मुखाजवळ गढी बांधली. १८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला विकला. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी मासे डब्यांत भरण्याचे कारखाने नदीच्या मुखाशी उभे राहिले. विसाव्या शतकाच्या मध्याला पक्की सडक आली आणि तिच्यामागून गळ टाकणाऱ्यांची गर्दी झाली.

१७ मे १९८५ रोजी लेस अँडरसन नावाच्या सोल्डॉटनाच्या रहिवाशाने केनाईत गळाने एक राजा सामन पकडला. त्याचे वजन ४४ किलोग्रॅमांहून अधिक भरले. सातवीत शिकणाऱ्या पुष्कळशा मुलांचे वजनसुद्धा एवढे नसते! पकडल्यानंतर तो कित्येक तास तोललाच नव्हता, अन्यथा आकडा आणखी मोठा आला असता, असे सांगतात. गळाने पकडलेल्या राजा सामनचा तो जागतिक विक्रम आजही अबाधित आहे. तो मासा पेंढा भरून सोल्डॉटना येथे ठेवला असून येणारे-जाणारे त्याच्यापुढे विस्मयाने उभे राहतात.

ही कीर्ती नदीला महागात पडू लागली. राजा सामनची पिल्ले नदीच्या मधोमध राहत नाहीत. तेथील ओढ त्यांना सोसवत नाही. काठापासून दोन-एक मीटरांच्या पट्ट्यात, वाळुंजाच्या लोंबत्या फांद्यांच्या आडोशाला, संथ पाण्यात ती बहुतेक राहतात. आणि गळ टाकणारा मनुष्य उभा राहतो तोही नेमका काठावरच. हजारो बुटांखाली झुडपे तुडवली गेली, माती सुटली, काठ ढासळले. १९८४ सालीच राज्याने नदीला विशेष व्यवस्थापनाचे क्षेत्र म्हणून घोषित केले होते; १९९६ साली स्थानिक शासनाने काठालगतचा पन्नास फुटांचा पट्टा संरक्षित ठरवला. काठाच्या वर उचललेल्या जाळीदार धातूच्या पायवाटा बांधल्या गेल्या. त्यांच्या भोकांतून ऊन आणि पाऊस खालच्या गवतापर्यंत पोचतात. चालणारा मनुष्य वरून जातो आणि गवत खाली वाढत राहते. ढासळलेल्या काठांना स्प्रूसची अख्खी झाडे तारांनी बांधली. त्यांच्या फांद्यांत गाळ अडतो व पिल्लांना आसरा मिळतो. उपाय साधा आहे. पण ज्याने तो योजला त्याने पिल्लाच्या डोळ्यांनी नदी पाहिली असली पाहिजे.

असाच एक प्रसंग यंत्रनौकांचा. जुन्या धाटणीच्या यंत्रांतून न जळलेले पेट्रोल पाण्यात मिसळत असे. जुलैच्या गर्दीत ते इतके वाढले की २००६ साली केनाईचे नाव दूषित नद्यांच्या यादीत गेले. तशा यंत्रांवर बंदी आली, लोकांनी नवी यंत्रे घेतली आणि २०१० पर्यंत नदीचे नाव त्या यादीतून निघाले. मनावर घेतल्यास चार वर्षांत एवढे होऊ शकते.

राजा सामनचे दुखणे मात्र इतक्या सहज बरे होणारे नाही. नदीच्या खालच्या भागात पाण्याखाली ध्वनियंत्रे बसवलेली आहेत. गढूळ पाण्यात मासा दिसत नसला तरी ध्वनीच्या लहरी त्याच्यावर आदळून परततात आणि त्यावरून चढणाऱ्या माशांची मोजदाद होते. या मोजणीत गेल्या काही वर्षांत एक विचित्र चित्र दिसते. लाल सामन दहा-दहा लाखांहून अधिक संख्येने येत आहेत. राजा सामनचे प्रमाण मात्र घटत गेले आहे. जे येतात तेही पूर्वीइतके मोठे नसतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अलास्कातील राजा सामनची सरासरी लांबी १९९० पूर्वीच्या तुलनेने सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. मोठ्या मादीपाशी अंडी अधिक असतात. तेव्हा मासा आखूड झाला म्हणजे पुढची पिढीही रोडावली. यामागचे एकच एक कारण सांगता येत नाही. समुद्राचे वाढते तापमान, समुद्रातील अन्नाची बदललेली स्थिती, पुष्ट माशांची शिकार करणारे जलचर आणि माणसाची दीर्घकाळची मासेमारी या साऱ्यांकडे शास्त्रज्ञ बोट दाखवतात.

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी केनाईत गळाने राजा सामन धरण्यास पूर्ण बंदी करण्यात आली. ही बंदी केवळ हौशी लोकांपुरती राहिली नाही. नदीच्या मुखाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्थिर जाळी लावून लाल सामन धरणारी कुटुंबे आहेत. त्यांना राजा नको असतो. परंतु जाळ्याला लाल व राजा यांतला भेद कळत नाही, आणि त्यात अडकलेला मासा सहसा जगत नाही. म्हणून २०२३ साली त्यांची जाळीही बंद ठेवण्यात आली. डोळ्यांदेखत लाखो लाल सामन नदीत शिरत होते आणि या कुटुंबांच्या नावा वाळूवर पडून होत्या. आमच्या हातून राजा फार थोडे मरतात, मग सर्वांत मोठा भार आमच्यावर का, असे त्यांचे म्हणणे. तर वंशच धोक्यात असताना एकेक मासा मोलाचा आहे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोहोंत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटायला कठीण आहे. २०२४ साली या लोकांना लांब दांड्याच्या हातजाळ्याने मासे धरण्याची मुभा मिळाली. त्यात राजा सापडला तर त्याला जिवंत सोडून देता येते. परंतु स्थिर जाळ्यात जितके मासे सापडत तितके हातजाळ्यात सापडत नाहीत.

सप्टेंबरात काठावरची पाने पिवळी पडतात. रबरी होड्या ट्रकांवर चढतात, तर बंद होते आणि वरच्या भागात माणसांपेक्षा गरुडच अधिक दिसू लागतात. हिवाळ्यात सरोवरे गोठतात, नदी आटून अर्ध्या पात्रातून वाहते. तेव्हा तळाच्या खडीत कोट्यवधी अंडी पडून असतात. मेच्या मध्याला पहिले राजा सामन आखातातून मुखाशी येतात आणि पाण्याखालच्या ध्वनियंत्रांची मोजणी पुन्हा सुरू होते.